एंड-टू-एंड टेस्ट आणि बाहेरच्या लहरी सेवा: पायरीपायरीने बंदोबस्त

रत्नागिरीत बसून आम्ही ज्या ॲपवर काम करतो, त्यावर तीन गोष्टी विकल्या जातात: तारकर्लीकडच्या होमस्टेच्या खोल्या, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या बोटीची तिकिटं आणि हंगामात हापूसच्या पेट्या. "बुक करा" हे एक बटण दाबलं की मागे आमचा सर्व्हर ऑनलाइन पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेशी बोलतो, ओटीपीसाठी एसएमएस पाठवणाऱ्या सेवेशी बोलतो, समुद्र कसा आहे हे हवामानाच्या एपीआयला (प्रोग्रामने प्रोग्रामला माहिती विचारायच्या खिडकीला) विचारतो, पेटी असेल तर कुरिअरकडे पिनकोड तपासतो, आणि नकाशा आणखी पाचवीकडून येतो. एंड-टू-एंड टेस्ट, म्हणजे गिऱ्हाइकासारखं सगळं ॲप सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपोआप वापरून बघणारी तपासणी, हे बटण खरोखरच दाबते. त्यामुळे या पाचांपैकी कुठेही माशी शिंकली की बिल्ड, म्हणजे नव्या कोडची आपोआप होणारी बांधणी आणि तपासणी, लाल.

हिशेब करून पाहा. प्रत्येक सेवा शंभरात नव्व्याण्णव वेळा नीट उत्तर देते असं धरू. पाचही सेवा एका टेस्टमध्ये लागतात, म्हणजे ती टेस्ट पास व्हायची शक्यता साधारण 95 टक्के. अशा 40 टेस्ट असतील, तर सगळ्या एकदम हिरव्या व्हायची शक्यता 13 टक्क्यांच्या आसपास येते. तुमच्या कोडमध्ये एकही चूक नसताना! मग टीममध्ये "अरे, परत चालव, होईल" हे वाक्य रोजचं होतं, आणि ज्या दिवशी खरंच काही बिघडलेलं असतं त्या दिवशीही कोणीतरी रीरन मारून मोकळं होतं.

बोटीचं इंजिन तपासणं आणि जेट्टीवर उभं राहून आज समुद्र कसा आहे ते बघणं, ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्या मुख्य टेस्टनी एकच प्रश्न विचारायचा: आपला कोड बिघडला का? गेटवे आज चालू आहे का, हा प्रश्नही महत्त्वाचा, पण त्याची वेळ वेगळी, जागा वेगळी. खालच्या सगळ्या पायऱ्या ही फाळणी करण्यासाठी आहेत.

पायरी 1: बाहेर कोण कोण आहे ते शोधा

आठवून यादी करू नका, ती नेहमी अपुरी निघते. नेट तोडा आणि काय मरतं ते बघा. डॉकर कंपोज (ॲपचे भाग कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत एकत्र चालवणारं साधन) वापरत असाल तर टेस्टच्या नेटवर्कला "इंटरनल" करा, म्हणजे आतले कंटेनर एकमेकांशी बोलतील पण बाहेर जाऊ शकणार नाहीत. असं केल्यावर तुमच्या मशीनवरून कंटेनरच्या पोर्टवर पोचता येत नाही, म्हणून टेस्ट चालवणारा ब्राउझरही त्याच नेटवर्कमधल्या कंटेनरमध्ये ठेवा.

मग टेस्ट चालवा. पेमेंट आणि ओटीपी अडकणार हे माहीतच असतं. मजा असते ती न आठवलेल्या गोष्टींची: बाहेरून येणारा फाँट, ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट, कॅप्चा, नकाशाच्या टाइल, एखाद्या लायब्ररीने गुपचूप केलेली लायसन्स तपासणी. टेस्ट सुरू व्हायच्या आधीचंही धरा. डॉकर हबने (जिथून कंटेनरच्या तयार इमेज मिळतात) नोव्हेंबर 2020 मध्ये लॉगिन न केलेल्यांना सहा तासांत 100 पुल, म्हणजे 100 वेळा इमेज उतरवणं, अशी मर्यादा घातली, तेव्हा एकाच आयपीमागून चालणाऱ्या कित्येक पाइपलाइन इमेज उतरवतानाच अडकू लागल्या. मार्च 2016 मध्ये एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या भांडारातून) लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज काढून टाकलं गेलं आणि जगभरची बिल्डं कोसळली. इमेज आणि पॅकेजं स्वतःच्या कॅशमधून घ्या, व्हर्जन लॉक करा. या विषयावर याहून जास्त वेळ घालवायची गरज नाही.

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा. त्या सेवेला हाक कोण मारतं, ब्राउझर की आपला सर्व्हर? आलेल्या उत्तराचं आपण काय करतो? आणि उत्तर आलंच नाही तर गिऱ्हाइकाला काय दिसायला हवं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टेस्टरने एकट्याने ठरवू नये. हवामानाचा एपीआय बंद असेल तर बोटीचं बुकिंग चालू ठेवायचं की थांबवायचं, हे बोटवाल्यांनाच विचारावं लागतं. आमच्याकडे मिळालेलं उत्तर रोखठोक होतं: "माहिती नाय तर तिकीट घेव नको. उद्या लोक जेट्टीर येवन माका शिव्या घालतले." त्या एका वाक्याची पुढे टेस्ट झाली.

पायरी 2: तार नेमकी कुठे तोडायची

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सावकाश.

प्लेराइट आणि सायप्रेस ही ब्राउझर चालवून टेस्ट करणारी साधनं; दोन्हींत ब्राउझरमधून निघालेली विनंती मध्येच अडवून खोटं उत्तर देता येतं. नकाशा, फाँट, ॲनालिटिक्स यांच्यासाठी हे पुरेसं आहे. पण गेटवेवर ऑर्डर तयार करणारी विनंती तुमच्या सर्व्हरकडून जाते. ती ब्राउझरला दिसतच नाही, त्यामुळे प्लेराइटच्या "रूट"ने (विनंती अडवणाऱ्या सोयीने) ती अडत नाही. "मी तर मॉक केलं होतं, तरी सँडबॉक्सला हिट कशी गेली?" (मॉक म्हणजे खोटं उत्तर लावणं, सँडबॉक्स म्हणजे सेवेची सरावासाठीची आवृत्ती) या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. दुसरी खाच: साइटवर सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणारी स्क्रिप्ट) असेल तर ब्राउझरमधल्याही काही विनंत्या त्याच्यामार्फत जातात आणि "रूट"च्या हातून सुटतात. टेस्टच्या सेटिंगमध्ये सर्व्हिस वर्कर ब्लॉक करा.

सर्व्हरच्या विनंत्यांसाठी नेटवर्कवर खराखुरा चालणारा बनावट सर्व्हर लागतो, म्हणजेच स्टब. वायरमॉक हा जुना, भरवशाचा पर्याय; माउंटबँक आणि हूवरफ्लायही आहेत. बाहेरच्या प्रत्येक सेवेचा पत्ता कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या आणि टेस्टमध्ये तो वायरमॉककडे वळवा. काही एसडीके (सेवेने दिलेल्या तयार लायब्ररी) पत्ता बदलूच देत नाहीत. तिथे कंटेनर नेटवर्कमध्ये गेटवेच्या डोमेनचं नाव स्टबला द्या आणि स्वतः बनवलेलं टेस्ट सर्टिफिकेट ॲपच्या कंटेनरला विश्वासू म्हणून ओळखायला लावा. एकदा अर्धा दिवस जातो, पण नंतर सुख आहे.

एक गोष्ट मात्र करू नका. "टेस्ट मोड असेल तर पेमेंट झालं असं समज" अशी इफची ओळ ॲपच्या कोडमध्ये घालू नका. मग जो कोड गिऱ्हाइकाकडे चालतो तो टेस्टमध्ये चालतच नाही, आणि ती ओळ कधीतरी प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांच्या खऱ्या साइटवर, जागी झाली तर फुकट तिकिटं वाटली जातील.

आपला डेटाबेस, आपली क्यू (कामांची रांग), आपलं रेडिस (झटपट साठवण) यांची नक्कल करू नका. ती आपलीच आहेत. कंटेनरमध्ये खरीच उभी करा. टेस्टकंटेनर्स त्यासाठीच आहे.

पायरी 3: बनावट उत्तर खऱ्यासारखं हवं

डॉक्युमेंटेशन वाचून हाताने लिहिलेले स्टब दिसायला छान असतात आणि वागायला खोटे. सँडबॉक्सला खरी विनंती पाठवा, आलेलं उत्तर जसंच्या तसं रेकॉर्ड करा, मग छाटा. वायरमॉकमध्ये रेकॉर्डिंगची सोय आहे. ब्राउझरच्या बाजूला प्लेराइट हार फाइलमध्ये (ब्राउझरच्या विनंत्या-उत्तरांच्या नोंदीत) रेकॉर्ड करून तीच परत वाजवू शकतं. रेकॉर्डिंग गिटमध्ये (कोडच्या सामायिक साठ्यात) टाकण्याआधी त्यातले टोकन, कुकी आणि फोन नंबर पुसा. पहिल्यांदा करताना हे हमखास राहून जातं.

स्टबला न ओळखता येणारी विनंती आली तर त्याने गोड बोलून 200 (सगळं ठीक) देऊ नये. वायरमॉक अशा वेळी 404 (सापडलं नाही) देतं आणि कुठला स्टब जवळपास जुळत होता तेही सांगतं. प्रत्येक टेस्टच्या शेवटी "न जुळलेल्या विनंत्या" ही यादी तपासा आणि ती रिकामी नसेल तर टेस्ट फेल करा. नवीन कोणीतरी नवा एपीआय जोडला की त्याच दिवशी कळतं.

टेस्ट समांतर चालत असतील तर प्रत्येकीचा बुकिंग नंबर वेगळा ठेवा आणि स्टब त्या नंबरावर जुळवा. नाहीतर एका टेस्टचं फसलेलं पेमेंट दुसरीच्या खात्यात जाऊन बसतं, आणि तेही फक्त सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर), फक्त कधीकधी.

पायरी 4: पेमेंट, जवळून

पेमेंटमध्ये सगळे "पैसे भरले, तिकीट मिळालं" एवढीच टेस्ट लिहितात. हंगामात फोन येतात ते वेगळ्याच गोष्टीचे: "पैसे गेले, तिकीट खंय आसा?" तेव्हा हीच वाट टेस्टमध्ये आणायची.

बोटीच्या दोन सीट घ्या. दोन्हींची मिळून टेस्टमधली किंमत 400 रुपये ठेवा. आपल्याकडचे गेटवे रक्कम पैशांत मागतात, म्हणून सर्व्हरने 40000 हा आकडा पाठवलाय का, हे स्टबच्या नोंदवहीत तपासा. रुपये आणि पैसे यांची गल्लत इथेच सापडते. स्टबने ऑर्डर तयार झाल्याचं उत्तर दिलं. आता टेस्टमधल्या गिऱ्हाइकाने यूपीआय ॲपमध्ये पैसे दिले आणि आपली साइट परत उघडायच्या आतच टॅब बंद केला. म्हणजे प्लेराइटमध्ये तो पेज बंदच करा. ब्राउझरकडून आता काहीही येणार नाही. पैसे आल्याची बातमी फक्त वेबहूक, म्हणजे गेटवेने आपल्या सर्व्हरला स्वतःहून पाठवलेला निरोप, आणेल.

ते वेबहूक टेस्टनेच पाठवायचं. खऱ्या वेबहूकवर गेटवेची सही असते. रेझरपेसारख्या गेटवेत ती मजकुरावर एचमॅक-शा256 (गुप्त किल्लीने सही काढायची पद्धत) लावून काढलेली असते. टेस्टच्या गुप्त किल्लीने तशीच सही करा. मग एका पाठोपाठ एक तपासा. तिकीट निघालं का? बोटीच्या शिल्लक सीट दोनने कमी झाल्या का? एसएमएसच्या स्टबकडे एकच विनंती गेली का? आता तेच वेबहूक पुन्हा पाठवा. गेटवे वेबहूक किमान एकदा देण्याची हमी देतो, फक्त एकदाच देण्याची नाही, त्यामुळे दोनदा येणं ही रोजची गोष्ट समजा. तिकीट अजूनही एकच हवं, सीट दोनच कमी हव्यात, दुसरा एसएमएस जाता कामा नये.

पुढे चुकीच्या सहीचं वेबहूक पाठवा. काहीही बदलता कामा नये. 400 च्या जागी 40 रुपयांचं पाठवा. तिकीट न देता बुकिंग तपासणीसाठी बाजूला पडायला हवं. वेबहूक ब्राउझरच्या आधी पोचलं तर काय आणि नंतर पोचलं तर काय, या दोन्ही क्रमांनी टेस्ट चालवा, कारण क्रमाची हमी कोणी देत नाही. खऱ्या सँडबॉक्सवर यातली अर्धी प्रकरणं मागाल तेव्हा घडवताच येत नाहीत. स्टबचा खरा फायदा हाच आहे; वेग हा वरचा नफा.

पायरी 5: बिघाड मुद्दाम घडवा

सेवा "बंद" असते म्हणजे काय, याचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाला आपला कोड वेगळा वागतो. 503 (सेवा सध्या उपलब्ध नाही) येतं. 429 (फार विनंत्या झाल्या) येतं आणि सोबत किती वेळाने या हे सांगणारा "रिट्राय-आफ्टर" हेडर असतो. कनेक्शन मध्येच तुटतं. जेसनचा (ज्या साच्यात एपीआय माहिती पाठवतात त्याचा) अर्धाच तुकडा येतो. स्टेटस 200 असतो पण आत "एरर" लिहिलेलं असतं. किंवा 200 सोबत देखभालीचं एचटीएमएल पान येतं, आणि आपला पार्सर ते जेसन समजून उलथतो. शेवटचे दोन प्रकार कुरिअरच्या आणि सरकारी धाटणीच्या एपीआयसाठी आधी लिहा, तिथे ते जास्त भेटतात.

वायरमॉक उत्तराला उशीर लावू शकतं, कनेक्शन रीसेट करू शकतं, कचरा पाठवून दार लावू शकतं. नेटवर्कच मंद करायचं असेल तर शॉपिफायने बनवलेलं टॉक्सिप्रॉक्सी मध्ये बसवा. उशीर, अरुंद बँडविड्थ, लटकून राहिलेलं कनेक्शन हे सगळं त्यात चालू-बंद करता येतं. आंबोली घाटात एका टॉवरवर लटकलेला फोन कसा वागतो हे रत्नागिरीच्या ऑफिसात बघायचा हाच मार्ग.

टाइमआउटांचा क्रम जुळवा. प्लेराइटची एक टेस्ट मुळात 30 सेकंदांत संपावी लागते आणि अपेक्षा तपासणारी ओळ 5 सेकंद थांबते. तुमचा सर्व्हर गेटवेसाठी 60 सेकंद थांबत असेल तर टेस्ट आधी मरते आणि रिपोर्टमध्ये नुसतं "टाइमआउट" दिसतं, कारण काय ते कळत नाही. बाहेरच्या विनंतीचा टाइमआउट सगळ्यात लहान, त्याहून मोठी स्क्रीनवरची वाट, त्याहून मोठी टेस्टची मर्यादा. टेस्टसाठी सर्व्हरचा टाइमआउट दोन सेकंद करा आणि स्टबला तीन सेकंद उशीर लावा. मिनिटभर ताटकळायची गरज नाही.

टाइमआउट झाला म्हणजे पैसे गेले नाहीत, असा अर्थ होत नाही. पेमेंटची विनंती पुन्हा पाठवताना तीच आयडेंपोटन्सी की (एकच विनंती दोनदा मोजली जाऊ नये म्हणून लावलेली खूण) गेली पाहिजे, हे स्टबच्या नोंदीत तपासा. आणि स्थिती किती वेळा विचारतो तेही मोजा. 12 एप्रिल 2025 ला, शनिवारी, देशभर यूपीआय अडखळलं होतं. व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा काही बँकांकडून पूर आला, हे कारण एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या) तपासात पुढे आलं. आजारी सेवेला सगळे मिळून "झालं का, झालं का" विचारत राहिले. म्हणून एक टेस्ट अशी लिहा: स्टब सतत "प्रलंबित" उत्तर देतो, घड्याळ पुढे सरकवलं जातं, आणि आपल्या सर्व्हरने ठरलेल्यापेक्षा जास्त वेळा विचारलं तर टेस्ट फेल. प्रत्येक वेळचं अंतर वाढतंय का आणि सगळी बुकिंगं एकाच क्षणी विचारत नाहीत ना, हेही बघा.

पायरी 6: ओटीपी आणि एसएमएस

ओटीपीसाठी "123456 नेहमी चालेल" असं मागचं दार ठेवायची पद्धत सर्रास आहे. मला ती मुळीच पसंत नाही. एसएमएस सेवेचा स्टब आहेच. सर्व्हरने त्याला पाठवलेला मजकूर टेस्टने वाचायचा, त्यातून आकडे काढायचे आणि स्क्रीनवरच्या ओटीपीच्या चौकटीत टाकायचे. ई-मेलसाठी मेलपिट हे साधन हेच काम करतं.

भारतात एसएमएसची खरी गोम वेगळीच आहे. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) 2018 च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचा हेडर (मेसेजवर दिसणारं नाव) आणि मजकुराचा साचा डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत) नोंदवावा लागतो, आणि गेलेला मजकूर साच्याशी जुळला नाही तर तो अडवला जातो. 8 मार्च 2021 ला ही छाननी कडक लागू झाली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ट्रायला ती सात दिवस स्थगित करावी लागली. म्हणजे कोणी चांगल्या मनाने "तुमचा ओटीपी" चं "आपला ओटीपी" केलं, कोड रिव्ह्यूत सगळ्यांना ते आवडलं, की गिऱ्हाइकाला मेसेज जाणं बंद. कुठलीही स्क्रीन टेस्ट हे पकडणार नाही.

उपाय नेट न लागणारा आहे. नोंदवलेले साचे एका फाइलमध्ये, नोंदवले तसेच, बदलत्या जागांच्या खुणांसकट, गिटमध्ये ठेवा. स्टबकडे आलेला प्रत्येक मजकूर त्या साच्यांपैकी एकाशी अक्षर न् अक्षर जुळलाच पाहिजे, अशी तपासणी सगळ्या टेस्टना लावा. त्यातच लांबी मोजा. इंग्रजी मेसेज 160 अक्षरांपर्यंत एकच असतो. मराठी असला की युनिकोडमुळे मर्यादा 70 वर येते आणि मेसेजचे तुकडे पडले की प्रत्येक तुकड्यात 67 च. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. "श्री देव रामेश्वर प्रसन्न" असं नाव असलेली बोट टेस्ट डेटात मुद्दाम ठेवा. एका तिकिटाला तीन मेसेजचं बिल येतंय हे महिनाअखेरीला कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

पायरी 7: तारीख, घड्याळ, हवामान

घड्याळ हीसुद्धा बाहेरची सेवाच आहे, आणि कोकणात तर फारच. किल्ल्यावरच्या बोटी मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत बंद असतात. "उद्याचं तिकीट काढा" अशी टेस्ट एप्रिलमध्ये हिरवी असते आणि जूनमध्ये आपोआप लाल होते. टेस्टमध्ये "आज" म्हणजे कोणती तारीख हे तुम्हीच ठरवा. प्लेराइटमध्ये ब्राउझरचं घड्याळ गोठवता येतं, पण तेवढ्याने सर्व्हरचं घड्याळ हलत नाही. सर्व्हरलाही वेळ एका ठरावीक जागेतूनच घ्यायला लावा आणि टेस्टमध्ये ती जागा ताब्यात घ्या.

सीआयची मशीनं बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात. आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यापासून पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचीच तारीख असते. रात्री दोनला चालणारी टेस्ट फेल होते आणि सकाळी दहाला तीच पास होते, तेव्हा गेटवेला दोष देण्याआधी हे बघा. पहाटे पाचला बुकिंग करणारं गिऱ्हाइक ही एक कायमची टेस्ट ठेवा.

बाहेरून येणाऱ्या तारखा कोडमध्ये कोरू नका. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक आधी 10 जून ते 31 ऑक्टोबर असायचं. 2025 साली ते 15 जून ते 20 ऑक्टोबर झालं. होमस्टेवाल्यांना "पाहुणे कुठल्या गाडीने येतील" दाखवणारा आमचा भाग असल्या तारखा सेटिंगमधून वाचतो, आणि टेस्ट सीमेच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अशी तीनदा चालते.

हवामानाच्या स्टबला हवामान खात्याचे चारही रंग द्यायला लावा: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. आणि पाचवं उत्तर म्हणजे काहीच न येणं. बोटवाल्याचं म्हणणं आठवा. तिथे बुकिंग बंद दिसायला हवं. सहावंही आहे, आणि ते जास्त घातक: उत्तर येतं, पण ते काल संध्याकाळचं. उत्तरातली वेळ तपासली जाते का, हे बघणारी टेस्ट फार थोड्या ठिकाणी असते.

पायरी 8: खऱ्या सेवांची वेगळी फेरी

एवढं सगळं बनावट केल्यावर रास्त शंका येते: गेटवेने उद्या उत्तराचा आकार बदलला तर? आपले स्टब जुन्याच जगात हिरवे राहतील. म्हणून रोज रात्री एक छोटी फेरी खऱ्या सँडबॉक्सवर चालवा. प्रत्येक सेवेला दोन-तीनच विनंत्या. रेझरपेच्या टेस्ट मोडमध्ये यश आणि अपयश या दोन्हींसाठी ठरावीक यूपीआय आयडी दिलेले आहेत, ते वापरा. आलेल्या उत्तरातली फील्ड आणि त्यांचे प्रकार स्टबच्या फाइलशी ताडून बघा. किमती आणि आयडी वेगळे असणारच, ते सोडून द्या.

या फेरीने कोणाचंही मर्ज (आपला बदल मुख्य कोडात मिसळणं) अडता कामा नये. फेरीच्या सुरुवातीला सँडबॉक्स जिवंत आहे का ते एका साध्या विनंतीने विचारा. नसेल तर निकाल "फेल" न लिहिता "तपासता आलं नाही" असा लिहा. पण ही पळवाट होऊ नये म्हणून सलग तीन रात्री तेच आलं तर मेसेज जाऊ दे. उत्तर आलं आणि आकार बदललेला दिसला, तर तो मात्र खरा लाल. त्याच सकाळी स्टब नव्याने रेकॉर्ड करा.

प्रॉडक्शनमध्ये गेटवे चालू आहे की नाही, हे मॉनिटरिंगचं काम. टेस्टच्या गळ्यात ते बांधू नका.

पायरी 9: रिट्रायला वेसण

रिट्राय, म्हणजे फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणं, पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, पण ते लपून राहता कामा नयेत. प्लेराइट पहिल्यांदा फेल आणि मग पास झालेल्या टेस्टला "फ्लेकी" (कधी पास, कधी फेल) असा वेगळा शिक्का मारतं. तो आकडा दर आठवड्याला टीमसमोर ठेवा. गूगलने 2016 मध्ये स्वतःच्या टेस्टांबद्दल सांगितलं होतं की सुमारे 16 टक्के टेस्टमध्ये कमीअधिक फ्लेकीपणा आहे, आणि पासवरून फेल झालेल्या निकालांपैकी 84 टक्क्यांमागे फ्लेकी टेस्ट होत्या. त्यांची ही गत, तर आपण लाजायचं कारण नाही; मोजायचं मात्र आहे.

एखादी टेस्ट वारंवार डगमगत असेल तर ती बाजूच्या रांगेत टाका, पण नाव आणि तारीख लावून. दोन आठवड्यांत दुरुस्त झाली नाही तर पुसून टाका. "पाच सेकंद थांब" असल्या ओळी शोधून काढा आणि त्यांच्या जागी "तिकीट नंबर दिसेपर्यंत थांब" असं लिहा. स्टब लागल्यावर अशा अर्ध्या ओळी तशाही निरुपयोगी होतात.

सुरुवात कुठून

सगळं एकदम करायला घेऊ नका. मागच्या महिन्याचे लाल बिल्ड काढा, कारणांची मोजदाद करा, आणि सगळ्यात जास्त वेळा नाव आलेल्या एकाच सेवेला स्टब लावा. बहुतेक टीममध्ये ते एसएमएस किंवा पेमेंट निघतं. दुसऱ्या सेवेला हात लावण्याआधी पहिलीची रात्रीची फेरी चालू करा, नाहीतर ती कायमची राहून जाते.

आमच्याकडे याचा एक वेगळाच फायदा झाला. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. एरवीही पावसाळ्यात फायबर तुटणं नवं नाही. बाहेरच्या सगळ्या सेवा लॅपटॉपवरच उभ्या झाल्यावर गुहागरला घरी अडकलेला माणूस, इन्व्हर्टर चालतोय तोवर, नेटशिवाय पूर्ण टेस्ट चालवू शकतो. त्यासाठी डॉकरच्या इमेज मे महिन्यातच उतरवून ठेवायला सांगा.